ग्राफिक्स कार्ड घेताना काय बघावं : मेमरी की वेग?

नळस्टॉप
मंडळी, पाडव्याला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय आणि घरात दोन तट पडलेत. चिरंजीव आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. दिवसा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमारती बांधतात, रात्री अकरानंतर गेम खेळतात (आम्हाला माहीत नाही असा त्यांचा समज आहे). मी शनिवार-रविवार ट्रेकचे फोर-के व्हिडिओ रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर कापत बसतो. मशीन २०२० सालचं. आय-५ १०४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर साधा १०८०पी.

बजेट चाळीस हजार. एका ओळखीच्या मुलाकडे एनव्हिडियाचं सेकंडहँड ३०६० टीआय कार्ड आहे, ८ जीबी. त्याच भावात साधं ३०६० मिळतंय, पण १२ जीबी. चिरंजीव म्हणतात, टीआयला ४८६४ कोअर (कार्डातले हिशेब करणारे भाग) आणि साध्याला ३५८४, विषय संपला. मला आठापेक्षा बारा मोठे दिसतात, एवढंच माझं गणित. त्यात नवीन ५०६० सुद्धा ८ चंच, आणि ५०६० टीआय तर त्याच नावाने ८ मध्येही येतं आणि १६ मध्येही. कमी मेमरीचं वेगवान घ्यावं की जास्त मेमरीचं हळू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धा_कप
रुमाल टाकून ठेवतो. मलाही घ्यायचंय.

स्क्रूड्रायव्हर
कॅबिनेट कुठलं? आत किती सेंटीमीटर जागा आहे, मोजलीत का?

तिरकस
चिरंजीवांचं बरोबर आहे. १०८०पी मॉनिटरला १२ जीबी म्हणजे दोघांच्या संसाराला दहा लिटरचा कुकर. आणि हे 'गेमने ९ जीबी खाल्ली' म्हणून जे स्क्रीनशॉट फिरतात ना, त्यात एक गोम आहे. गेम मेमरी अडवून ठेवतो. अडवली म्हणजे वापरली असं नाही. एसटीत चार सीटवर पिशव्या ठेवणारा माणूस एकटाच असतो. दुसरं कोणी आलं की पिशव्या मांडीवर. माझं ८ जीबीचं कार्ड तिसऱ्या वर्षात आहे, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणलं की सगळं चालतं, आणि हलणाऱ्या चित्रात फरक दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक मिसळ.

पेठेतला_भाडेकरू
मिसळ कुठली, तेही आत्ताच ठरवून टाका. नंतर त्यावरून दुसरा धागा नको.

मठ्ठा_जिलबी
तिरकस, पिशव्यांचं पटलं. पण खरोखरच पाचवा माणूस उभा राहिला तर काय होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या वडिलांचा आचाऱ्याचा धंदा होता, त्यामुळे मला सगळं पंगतीतच समजतं. सहन करा.

जेवायला बसलेले ते कोअर. वाढपी म्हणजे मेमरीची बस, मेमरी आणि कोअर यांच्यातला रस्ता. आणि हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर पातेली मांडलेली असतात ना, ते टेबल म्हणजे कार्डाची मेमरी. हवं ते सगळं टेबलावर असेपर्यंत पंगतीचा वेग वाढप्यांच्या पायांवर ठरतो. टेबल आठ पातेल्यांचं असो की सोळा, पाहुणे तेवढ्याच वेळात उठतात. म्हणून '१६ जीबी आहे म्हणून फास्ट' ही थाप. पण नववं पातेलं टेबलावर मावलं नाही आणि ते बाहेर टेम्पोतच राहिलं, की खेळ बदलतो. मठ्ठा लागला की एकाने बोळातून टेम्पोपर्यंत पळायचं आणि तोवर अख्ख्या पंगतीने भातावर हात ठेवून थांबायचं. टेम्पो म्हणजे मशीनची रॅम, बोळ म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस, कार्ड आणि मशीन जोडणारा रस्ता.

आता आकडे घ्या. ३०६० टीआयच्या आत सेकंदाला ४४८ जीबी ने-आण होते. पीसीआय एक्स्प्रेस चौथ्या पिढीचा पूर्ण १६ लेनचा बोळ धरला तरी जेमतेम ३२. त्यामुळे मेमरी कमी पडल्यावर कार्ड थोडं थोडं हळू होत नाही. चालता चालता पायरी संपल्यासारखं होतं.

तिरकस
आमच्याकडे हल्ली बुफे असतो. प्रत्येक कोअर स्वतःची प्लेट घेऊन रांगेत.

मठ्ठा_जिलबी
म्हणूनच अन्न गार असतं.

खडकवासला
मठ्ठासाहेबांच्या बोळात धागालेखकांसाठी एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. आय-५ १०४०० चा बोळ तिसऱ्या पिढीचा. तिथे १६ लेनला साधारण १६ जीबी जातात. ४०६०, ४०६० टीआय, ५०६०, ५०६० टीआय ही सगळी कार्डं मुळात आठच लेनची आहेत. तुमच्या बोर्डावर ती बसतील, चालतील, पण बोळ उरेल ८ जीबीचा. आत ४४८ आणि बाहेर ८, म्हणजे छप्पन्न पट. सगळं कार्डात मावतंय तोवर याने फारसं बिघडत नाही, पण ८ जीबीचं ५०६० घेऊन मेमरी ओसंडली तर नव्या मशीनवाल्यापेक्षा तुम्हाला कितीतरी जास्त फटका. ३०६०, ३०६० टीआय आणि एएमडीचं ९०६० एक्सटी ही पूर्ण १६ लेनची आहेत. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक नव्याकोऱ्या मशीनवर होतात, तिथे हे दिसत नाही.

अनुस्वार
एक बाळबोध प्रश्न. मेमरी ८, १२, १६ अशीच का? कंपनीने १० किंवा १४ द्यायला काय हरकत आहे? आणि ३०६० हे खालचं कार्ड असून त्याला १२ आणि वरच्या टीआयला ८, हा उलटा न्याय कसला?

खडकवासला
बाळबोध अजिबात नाही, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. मेमरीची एक चिप ३२ बिटच्या रस्त्याला जोडतात. कार्डाची बस १२८ बिटची असेल तर चार चिपा. सध्या सर्रास मिळणारी चिप २ जीबीची, म्हणून चार दुणे आठ. १६ करायचे तर कार्डाच्या पाठीवर आणखी चार चिपा लावून एकेका रस्त्यावर दोन-दोन चिपा बसवायच्या. मेमरी दुप्पट होते, रस्ते तेवढेच राहतात. म्हणूनच ४०६० टीआयचं ८ आणि १६ जीबी दोन्ही सेकंदाला २८८ जीबीच्या वेगाची होती. २०२३ मध्ये एक ३९९ डॉलरला, दुसरं ४९९ ला, आणि जो गेम ८ मध्ये मावतो तिथे दोघांत काडीचा फरक नाही.

३०६० ची बस १९२ बिटची. सहा चिपा. १ जीबीच्या लावल्या तर ६, दोनच्या लावल्या तर १२. २०२१ मध्ये ६ जीबीचं नवं कार्ड काढलं असतं तर लोक हसले असते, म्हणून १२. टीआयची २५६ बिट, म्हणजे आठ चिपा, तिथे १ जीबीच्या लावून ८ वर भागवलं. त्याला ८ नंतरचा आकडा थेट १६ होता. दिलदारपणा कुठेच नाही हो, पाढे आहेत.

पुढे ३ जीबीच्या चिपा आल्या आहेत. ५०९० च्या लॅपटॉप आवृत्तीत त्याच आठ लावून २४ जीबी केलेत. त्या स्वस्त कार्डांत उतरल्या की १२८ बिटवर १२ जीबी निघेल आणि हे भांडण बरंचसं मिटेल. पाडव्याच्या आत नाही मिटणार.

अनुस्वार
धन्यवाद! वाखुसा (वाचनखूण साठवली).

सिंहगडवाला
मग १२८ बिटचं ४०६० इतकं चाललं कसं? त्याचा वेग २७२, जुन्या ३०६० चा ३६०. म्हणजे नवं कार्ड मेमरीच्या वेगात मागे, तरी गेममध्ये पुढे.

मठ्ठा_जिलबी
वाढप्याच्या हातातली परात मोठी केली. ३०६० च्या चिपमध्ये कॅशे (चिपच्या आतलीच छोटी, झटपट मेमरी) ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४. परातीत जास्त जिलब्या मावल्या की टेबलापर्यंतचे हेलपाटे कमी, मग वाढपी कमी असले तरी चालतं. मात्र पंगत लांबली, म्हणजे तुम्ही फोर-के मॉनिटर आणलात, की तीच परात लहान पडते. आणि परात कितीही मोठी केलीत तरी टेबल वाढत नाही, हे लक्षात असू द्या. ५०६० मध्ये त्यांनी दुसरा उपाय केलाय. जीडीडीआर ७ ही नव्या पिढीची मेमरी आणलीय, म्हणजे वाढपी तेवढेच पण धावणारे. १२८ बिटवरच ४४८, म्हणजे ३०६० टीआयने २५६ बिटवर जे गाठलं होतं तेच.

लोणी_काळभोर
लॅपटॉपला बाहेरून कार्ड लावता येतं का?

स्क्रूड्रायव्हर
येतं. त्या पैशात दुसरा लॅपटॉपही येतो.

जुनाट
'जास्त जीबी' या शब्दाला मी एकदा फसलोय, म्हणून लिहितो. २०१५ च्या सुमाराची गोष्ट. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे पैसे घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. मित्राने आदल्या आठवड्यात जीटीएक्स ७५० टीआय घेतलं होतं, २ जीबी. दुकानदाराने मला जीटी ७३० दाखवलं, खोक्यावर भला मोठा '४ जीबी'. तेही स्वस्तात. मी मनात म्हटलं, मित्र येडा आहे. घरी येऊन कार्ड लावलं, त्याला फोन करून जरा मिरवलंसुद्धा.

माझ्या कार्डाची मेमरी साधी डीडीआर ३, ६४ बिटची बस, सेकंदाला पंधरा जीबीसुद्धा नाही. त्याच्या जीडीडीआर ५ वर ८६. त्याचा गेम पळायचा आणि माझ्याकडे शोभायात्रा निघाल्यासारखं एक पाऊल, थांब, एक पाऊल. चार जीबीतली दोन कधी वापरात आली असतील असं वाटत नाही, कारण तेवढं भरायच्या आधीच कार्डाला धाप लागायची. दुकानदार खोटं बोलला नव्हता. ४ जीबी होतीच.

तेव्हा मोठ्या मेमरीचं कौतुक करताना ती कुठल्या चिपला जोडलीय तेही बघा, एवढंच. हा नियम खालच्या वर्गात अजून खरा आहे.

अर्धा_कप
मिरवलेल्या फोनचं पुढे काय झालं ते सांगा ना.

जुनाट
तो मित्र आता माझा मेहुणा आहे. दर दिवाळीला निघतो विषय.

काडीपेटी
आणि कंपन्या काय कमी आहेत का? २०१६ मध्ये १०६० ची ३ आणि ६ जीबी काढली, लोकांना वाटलं फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ वाल्यात कोअरही कमी, १२८० चे ११५२. मग ३०६० ची ८ जीबी आवृत्ती आली, नाव तेच पण बस १९२ ची १२८, वेग ३६० चा २४०. त्याआधी ९७० मध्ये चारपैकी शेवटची अर्धी जीबी गोगलगायीची निघाली, अमेरिकेत खटला झाला आणि कार्डामागे ३० डॉलर द्यायची वेळ आली. २०२२ मध्ये ४०८० चं १२ जीबी जाहीर करून लोकांनी बोंब मारल्यावर मागे घेतलं. तेव्हा धागालेखकांनी ३०६० घेताना खोक्यावर १२ लिहिलंय ना हे चष्मा लावून वाचावं. ८ चं ३०६० कोणी फुकट दिलं तरच घ्या.

तिरकस
फुकट असेल तर मलाही सांगा.

ढोलताशा_रेंडर
गेमवाल्यांचं चालू द्या, मुलगा ब्लेंडर वापरतो म्हणून मी बोलतो. मी गणपतीत मंडळांच्या एलईडी भिंतींसाठी दृश्यं बनवतो. माझ्याकडे ३०७० आहे, वेगाला एक नंबर आणि मेमरी ८. एका वर्षी देखाव्यात किल्ल्याचा दरवाजा हवा होता. मी हौसेने प्रत्येक दगडाला ८-के टेक्श्चर लावलं. प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री रेंडर (दृश्याची अंतिम चित्रं बनवणं) लावलं तर मेमरी संपल्याची लाल ओळ. कार्यकर्ते खाली मांडवात उभे, दर दहा मिनिटांनी फोन, "दादा, झालं का?" सीपीयूवर टाकून पाहिलं, तर एका फ्रेमला जो वेळ लागत होता त्या हिशेबाने विसर्जनानंतर संपलं असतं.

तेव्हा कागद घेऊन बसलो. ८-के म्हणजे ८१९२ गुणिले ८१९२ ठिपके, प्रत्येकी ४ बाइट. एक चित्र २५६ एमबी. अशी चाळीस चित्रं म्हणजे १० जीबी, दगड-माती अजून बाजूलाच. गेममध्ये टेक्श्चर दाबून भरलेली असतात, ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन ती उघडी करून ठेवतं. तीच चित्रं २-के केली तर एकेक १६ एमबी. चाळीसची मिळून साडेसहाशेसुद्धा होत नाहीत. एक तास बसून सगळी लहान केली, रेंडर सुटलं, पहाटे चारला पेन ड्राइव्ह मांडवात. तीस फुटांवरून बघणाऱ्या एकालाही कळलं नाही की दगड २-के आहेत.

तर सल्ला असा की रेंडरला १२ किंवा १६ घ्याच, पण मुलाला टेक्श्चर लहान करायला आधी शिकवा. २४ जीबीचं कार्ड दिलंत तरी ही पिढी ते भरून दाखवेल. आणि ब्लेंडरसाठी एनव्हिडिया. एएमडीवर चालतं, पण एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स तंत्राचा वेग तिथे मिळत नाही.

वैशालीतली_इडली
ढोलताशा, हे वाचून घाम फुटला. इथेच थांबू नका, मांडवातल्या गोष्टींचा वेगळा धागा काढा.

जात्यावरची
माझा अनुभव अगदी वेगळा आहे. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी होत्या, मामाने १९९० च्या आसपास मुळशीकडच्या गावी टेप केलेल्या. त्या लिहून काढायच्या होत्या. भाच्याने व्हिस्पर नावाचं ओपनएआयचं मोफत मॉडेल घरच्या मशीनवर बसवून दिलं. त्यातल्या मोठ्या मॉडेलला साधारण १० जीबी मेमरी लागते. भाच्याच्या स्वतःच्या ८ जीबी कार्डावर ते उभंच राहिना, माझ्याकडे त्याचंच जुनं ३०६० होतं, बारावालं. त्याच्यावर चाललं. त्याचं महागडं कार्ड बघत बसलं.

नंतर त्याने कुठली तरी हलकी आवृत्ती शोधली, आकडे आठ बिटात बसवलेली, ती तीन-चार जीबीत चालते. त्यामुळे आता तो म्हणतो, बघ, ८ पुरतात. पण हे त्याला शोधायला दोन रविवार लागले, मला बाराने ते रविवार वाचवले. लिहिलेलं बरोबर येतं का ते विचारू नका. 'पंढरीच्या वाटे' चं 'पंधरा चिवाटे' करतं. मी मागून दुरुस्त करत बसते, आणि खरं सांगायचं तर त्या निमित्ताने ओव्या तीनतीनदा ऐकून होतात.

नळस्टॉप
ताई, पंधरा चिवाटे! चहा सांडला माझा. बाकी वाचतोय. तिरकस आणि मठ्ठा दोघांचंही पटतंय, आणि तीच पंचाईत आहे.

तिरकस
एवढ्यावरून ८ वाल्यांना मोडीत काढू नका. ढोलताशांनी ८ मध्ये काम केलं, ताईंच्या भाच्यानेही केलं. दोघांनी डोकं चालवलं. मी पण हेच म्हणतोय. सोळाऐवजी आठ घेतलं तर पाच हजार वाचतात आणि डोकं चालतं, दुहेरी फायदा.

काडीपेटी
तिरकस, तुमचं कार्ड ठीक चाललंय असं तुम्हाला वाटतंय, कारण तुम्ही फ्रेमचा आकडा बघता. बरेच गेम मेमरी संपली की अडखळत नाहीत, गुपचूप धूसर टेक्श्चर लावतात. फ्रेम ६० च्या ६०. समोर पाटी असते आणि अक्षरं पिठलं झालेली असतात. आलेखात हे येत नाही. शिवाय रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं), ज्यांच्या जाहिराती करून ही कार्डं विकतात, त्या दोन्हींना वरून आणखी मेमरी लागते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कार्ड घेतलं ती चालू केली की जागा संपते. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ला १६ जीबी आली, सामाईक असली तरी. गेम त्या मापाने शिवले जातात. आपल्या अंगावर ते चढेनात तर शिंप्याला काय बोलणार?

तिरकस
पिठल्याचं खरं असेल कदाचित. घरी जाऊन पाट्या बघतो.

तिरकस
बघितल्या. एका दुकानावरची पाटी पिठलं आहे. दुसरा गेम व्यवस्थित. मिसळ अर्धी मान्य.

पेठेतला_भाडेकरू
अर्धी मिसळ म्हणजे नुसता कट की नुसती फरसाण?

बिबवेवाडीकर
इंटेलचं नाव कोणीच घेत नाही. आर्क बी ५८०, १२ जीबी, १९२ बिट, ४५६ चा वेग, अमेरिकेत २४९ डॉलरला आलं. माझ्याकडे आहे, खूश आहे.

खडकवासला
माझाही त्यावर डोळा होता. पण त्याच्या ड्रायव्हरचा भार सीपीयूवर जास्त पडतो आणि जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड चांगलंच मंदावतं, हे २०२५ च्या सुरुवातीला बऱ्याच जणांनी मोजून दाखवलंय. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) चालू नसेल तर आणखी हाल. आय-५ १०४०० वाल्याला मी सुचवणार नाही. तुमचा प्रोसेसर कुठला?

बिबवेवाडीकर
रायझन ७६००. बरं, मग माझा खुशीचा मुद्दा मागे घेतो. खुशी ठेवतो.

चाकणचा_वेल्डर
सेकंडहँड ३०६० टीआयबद्दल. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंगचं म्हणून लगेच विटाळ मानू नका. पण पंखे हाताने फिरवून बघा, समोर अर्धा तास लोड देऊन बघा, स्क्रू-स्टिकर बघा, आणि बिल मागा. बिल नाही म्हणाला तर 'बघतो, कळवतो' म्हणून निघायचं. तुमच्या जुन्या १६५० ला बहुतेक वेगळी वायरच लागत नसेल, ते बोर्डाच्या ७५ वॉटवर चालतं. टीआय २०० वॉटचं आहे. तुमच्या एसएमपीएसला आठ पिनची वायर तरी आहे का ते आधी खोलून बघा. एका सहा पिनला जोड लावून चालवणारे लोक मला माहीत आहेत. नंतर माझ्याकडेच येतात, वेगळ्या कामाला.

स्क्रूड्रायव्हर
+१ एसएमपीएस. आणि कॅबिनेटचं माप अजून आलेलं नाही.

व्यवस्थापक
मिसळीवरचे अकरा प्रतिसाद 'खाऊगल्ली' विभागात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

अर्धा_कप
अरेरे. तिथेच खरी माहिती होती.

मठ्ठा_जिलबी
नळस्टॉप, इतक्या चर्चेपेक्षा एक करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू. खाली दोन आकडे दिसतात, डेडिकेटेड आणि शेअर्ड. डेडिकेटेड म्हणजे टेबल, शेअर्ड म्हणजे टेम्पो. तुमचं नेहमीचं काम सुरू करा आणि टेम्पोत किती गेलंय ते बघा. दोन्हींची बेरीज म्हणजे साधारण तुमची गरज. ब्राउझर बंद करून बघा, तोही आपला पाट मांडून बसलेला असतो.

नळस्टॉप
चार दिवस गायब होतो, माफी. गुरुवारी वीज नव्हती, शुक्रवारी सासूबाई होत्या. आकडे घेऊन आलोय.

माझं रिझॉल्व्ह : फोर-के टाइमलाइन, थोडं रंगकाम, टेबलावरचे चारही भरलेले आणि दोनच्या आसपास टेम्पोत. 'मेमरी भरली' असा संदेश कधी कधी का येतो याचा उलगडा झाला. इतके दिवस मी हार्ड डिस्क रिकामी करत होतो.

मुलाचा सेमिस्टरचा प्रकल्प, झाडांसकट गृहसंकुल : चार भरलेले आणि पाच टेम्पोत. मग त्याला ढोलताशांचा प्रतिसाद वाचायला दिला. आधी 'बाबा, मला माहितीये' झालं. तासाभराने स्वतःच येऊन म्हणाला, झाडांच्या पानांना ८-के लावलं होतं. लहान करून आता एकूण साडेपाच.

तिरकस
म्हणजे ८ पुरले! मी नमस्कार करून बसतो.

नळस्टॉप
पुरले खरे, आजच्या प्रकल्पाला. पण तो आताशी दुसऱ्या वर्षाला आहे. बारावालं ३०६० जवळजवळ नक्की केलं होतं. दुकानात गेल्यावर ५०६० टीआयच्या ८ आणि १६ मधला फरक विचारला, पाच-सहा हजार निघाला. एवढ्यात टेबल दुप्पट होतंय म्हटल्यावर हात आवरला नाही. एसएमपीएसला आठ पिन नव्हतीच, वेल्डरसाहेब म्हणाले तसं, त्यामुळे तोही ६५० वॉटचा नवीन. अठरा टक्के जीएसटीसह पक्कं बिल. चाळीसचं बजेट कुठल्या कुठे गेलं ते इथे लिहीत नाही, घरातलेही हा धागा वाचतात. आठ लेनचा बोळ आहे हे ठाऊक आहे, पण १६ भरून बोळात जायची वेळ येईतो हे मशीनच बदलेल.

पाडव्याला पूजा करून लावतो.

खडकवासला
उत्तम निवड. रॅमही वाढवायची असेल तर आत्ताच वाढवा, भाव चढायला लागलेत.

जुनाट
अभिनंदन! कोणाला फोन करून मिरवू नका.

नळस्टॉप
मंडळी, मदत हवी आहे. पाडव्याची पूजा झाली, कुंकू लागलं, फुलं वाहिली. कार्ड तीन पंख्यांचं आहे, तीस सेंटीमीटर. कॅबिनेटमध्ये सत्तावीसच्या पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा येतो. मावत नाहीये.

स्क्रूड्रायव्हर
दुसरा प्रतिसाद.

मठ्ठा_जिलबी
एवढं सगळं झालं आणि शेवटी टेबलच कार्यालयाच्या दारातून आत जाईना!

तिरकस
आठवालं दोन पंख्यांचं मिळतं. सहज सांगतो.

स्क्रूड्रायव्हर
पिंजरा रिव्हेटने बसवलाय की स्क्रूने? पुढची जाळी काढून फोटो टाका. स्क्रूने असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, डिस्क खाली तळाशी चिकटवता येईल. रिव्हेट असतील तर कोथरूडमध्येच असतो, रविवारी सकाळी ड्रिल घेऊन येतो. चहा लागेल.

नळस्टॉप
रिव्हेट आहेत. या. मिसळही सांगतो.

व्यवस्थापक
मिसळ कुठली?